कळशी हाताशी हवी

पुणे,
आषाढ शुद्ध प्रतिपदा

चि. मुक्ता हिस,


रोज पहाटे साडेपाचला मी दूध तापवायला उठते आणि सवयीने मोबाइल बघते. तुझ्या नावाखाली ‘ऑनलाइन’ दिसतं. माझे साडेपाच म्हणजे तुझ्या आइंडहोव्हनला रात्रीचे दोन. एखाद्या दिवशी समजू शकते, पण हा तिसरा आठवडा आहे, बाळ. फोनवर विचारलं की ‘झोपतेय गं मावशी’ म्हणून तू विषय बदलतेस. म्हणून आज पत्र लिहायला बसले. हे निवांत वाच, आणि जेवल्यावर वाच.

इकडे सगळं ठीक आहे. मागच्या आठवड्यात पालख्या येऊन गेल्या. आपल्या सोसायटीने यंदा वारकऱ्यांना पिठलं-भाकरी दिली. गुडघा दुखत असताना तुझ्या आईने साठ भाकऱ्या थापल्या आणि मग दोन दिवस शेक घेत पडून राहिली. सांगून ऐकणाऱ्यातली ती नाही, आणि तूही तिचीच लेक. आजीला ऐकू कमी येतं, पण रोज संध्याकाळी एकच प्रश्न असतो, ‘पोरगी जेवली का?’ मी हो म्हणून सांगते. मला खोटं बोलायला लावू नकोस.

तुझ्या मागच्या मेलमधलं एक वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही. तुझ्या ओळखीतलं कोणी म्हणालं की मूरचा नियम संपला, हार्डवेअरमध्ये आता काही उरलं नाही, शहाण्याने वेळेत बाजू बदलावी. पुढच्या महिन्यात प्रबंधाचा विषय द्यायचा आहे आणि तुला वाटतंय की आपण चुकीच्या गाडीत बसलो. मुक्ते, भोसरीच्या कारखान्यात मी ३५ वर्षं बोर्ड तपासले. तू जे पुस्तकात वाचतेस त्यातलं पुष्कळसं माझ्या टेबलावरून गेलं आहे. म्हणून तुला माहीत असलेल्याच गोष्टी पुन्हा सांगते. माहीत असणं आणि त्यावर भरवसा असणं यात अंतर असतं.

१९८१ साली मी कामाला लागले तेव्हा आमच्या टेबलावर ८०८५ प्रोसेसर असायचा. तीन मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तीस लाख ठोके. ऑसिलोस्कोपचं टोक क्लॉकच्या पिनला टेकवलं की हिरव्या पडद्यावर चौकोनी लाटांची ओळ उभी राहायची. लाट दिसली म्हणजे बोर्ड जिवंत. त्यानंतर दर दोन-चार वर्षांनी नवा प्रोसेसर यायचा आणि ठोके वाढलेले असायचे. २००४ च्या शेवटी पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झला पोचला, ८०८५ च्या हजारपटीहून जास्त! ४ गिगाहर्ट्झचा जाहीर झालेला मात्र त्याच वर्षी रद्द झाला. आज २० वर्षांनंतरही घरगुती प्रोसेसर फार तर ६ गिगाहर्ट्झच्या आसपास जातात, तेही थोड्या वेळापुरते. इतक्या वर्षांत दुपटीलाही पोचले नाहीत. जे संपलं ते हे, आणि ते तू शाळेत जायच्या आधीच संपलं.

का संपलं, ते तू स्वतः बोटाने चाखलं आहेस. सात वर्षांची होतीस. दिवाळीच्या सुटीत मी जुन्या कॉम्प्युटरची साफसफाई करत होते. मशीन नुकतंच बंद केलं होतं, कॅबिनेट उघडं होतं. मी ब्रश आणायला आत गेले आणि तू हीटसिंकला बोट लावलंस. रडली नाहीस. बोट तोंडात घालून मला विचारलंस, ‘मावशी, याला ताप आलाय का?’ मी हसले होते. पण हा ताप तेव्हा सगळ्या धंद्यालाच आला होता.

आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवला, तर तितक्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतात, जास्त वेगाने चालतात, आणि चिप पूर्वीपेक्षा जास्त तापत नाही. तीस वर्षं उद्योगाने या पुण्याईवर काढली. पुढे व्होल्टेज उतरेना. कारण ट्रान्झिस्टर हा नळ आहे आणि फार कमी दाबावर चालणारा नळ घट्ट बंद होत नाही. तो गळतो. एक नळ गळला तर कोणाला कळत नाही, अब्जावधी गळले की चिप नुसती बसूनसुद्धा तापते. लोक मूरचा नियम संपला म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांना डेनार्डचा म्हणायचं असतं. मूर यांनी १९६५ मध्ये एका चिपवर किती घटक मावतील याचा अंदाज दिला होता, दर वर्षी दुप्पट, आणि १९७५ मध्ये तो दर दोन वर्षांवर आणला. ती वाढ मंदावली आहे आणि महागली आहे, पण थांबलेली नाही.

गळती थोपवायचे उपाय बघ किती साधे आहेत. बागेतल्या रबरी नळीचं पाणी अडवायचं, तर आधी आपण वरून एक बोट दाबतो. पाणी निसटतं. मग तीन बाजूंनी चिमटीत धरतो. तो फिनफेट, २०११ साली इंटेलने बाजारासाठी जाहीर केला. तरीही निसटतं म्हटल्यावर सगळ्या बाजूंनी मूठ आवळायची, आणि तेच आता चाललंय. सिलिकॉनच्या पातळ पट्टीला गेट, म्हणजे ते दाबणारं बोट, चारही बाजूंनी वेढून टाकतं. सॅमसंगने २०२२ मध्ये ३ नॅनोमीटरच्या पिढीत ते सुरू केलं. या ३ आणि २ नॅनोमीटरच्या आकड्यांनी मात्र भुलू नकोस. ती आता पिढीची नावं आहेत, चिपमधलं एखादं ठरावीक माप नव्हे. तुझ्या शेजारच्या वेल्डहोव्हनला चिप छापायची जी यंत्रं बनतात, त्यांत कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला ५० हजार वेळा लेझर मारून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश काढतात. हवाच तो प्रकाश गिळून टाकते, म्हणून सगळा खेळ निर्वातात चालतो. ज्या गावाजवळ माणसं इतक्या चिकाटीने काम करतात, तिथे बसून तू ‘काही उरलं नाही’ हे कसं मान्य केलंस?

ठोके वाढेनात म्हटल्यावर लोकांनी कोर वाढवले. आपल्या पुण्याला ही वाट आधीच ठाऊक होती. अमेरिकेकडून सुपरकॉम्प्युटर मिळण्यात अडचणी होत्या, तेव्हा १९८८ मध्ये इथे सी-डॅक उभं राहिलं, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. एक बलाढ्य प्रोसेसर हाती नव्हता, म्हणून ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर जोडून एकत्र राबवले. त्या बातमीचं वर्तमानपत्र मी कितीतरी वर्षं कपाटात जपलं होतं.

पण कोर वाढवले म्हणजे काम त्याच प्रमाणात लवकर होतं, असं नाही. आपले उन्हाळ्यातले पापड आठव. समज, सगळं काम एकटीने केलं तर दहा तासांचं आहे. त्यातला एक तास पीठ भिजवून कुटायचा, तो एकीनेच करायचा. उरलेले नऊ तास लाटायचे. लाटायला नऊ जणी बसल्या तर लाटणं तासाभरात उरकतं, एकूण दोन तास. नव्वद जणी बोलावल्या तर लाटणं सहा मिनिटांवर येतं, पण कुटण्याचा तास तसाच. आख्ख्या गल्लीला पोळपाट घेऊन बसवलं तरी दहापटीच्या वर वेग जात नाही. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये सांगितलेला हिशोब हाच. कोणी तुला कोरची संख्या सांगून दिपवू लागलं, तर शांतपणे विचार, ‘पीठ कोण कुटतंय?’

आता ज्या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहिलं, ती सांगते.

१९७२ च्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. माण तालुक्यातलं आपलं गाव. घराजवळचा आड आटला होता आणि मैलभरावरच्या विहिरीवर जावं लागे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, काखेत कळशी. आई पहाटे निघायची, मी मागोमाग. मिलो ज्वारीच्या भाकरी भाजायला तिला अर्धा तास पुरायचा, पाण्यापायी मात्र आख्खी सकाळ जायची. लोक म्हणत, बाईचा दिवस चुलीपुढे जातो. खोटं आहे. आईचा दिवस वाटेवर गेला, वाहण्यात गेला.

पुढे बोर्ड तपासताना मला हेच दिसायचं. प्रोसेसर मोकळा बसलेला असतो आणि मेमरीतून आकडा यायची वाट बघत असतो. स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये हा हिशोब ऊर्जेत मांडला तो तुझ्याकडे असेलच. ४५ नॅनोमीटरच्या चिपमध्ये ३२ बिटांच्या दोन पूर्णांकांची बेरीज करायला साधारण ०.१ पिकोज्यूल लागतात. तेवढाच आकडा बाहेरच्या डीरॅममधून आणायचा तर साधारण ६४०. भाकरी एका पैशाची आणि पाण्याची हमाली ६४ रुपयांची! वेळेचंही तेच. कॉम्प्युटरशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर व्याख्यानाला जाताना तारेचे तुकडे घेऊन जायच्या, फूटभराला थोडे कमी. नॅनोसेकंदात प्रकाश जातो तो एवढाच, असं दाखवायच्या. ३ गिगाहर्ट्झच्या एका ठोक्यात प्रकाशालाही फक्त १० सेंटिमीटर कापता येतात, तुझ्या तळहाताच्या रुंदीपेक्षा जेमतेम जास्त. तारेतला संदेश त्याहून हळू. म्हणजे मेमरी बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली की वाटेवरचे हाल ठरलेलेच.

म्हणून सांगते, येत्या काळात कॉम्प्युटर वेगवान होतील ते मुख्यतः वाहणं कमी करून. हे एक सूत्र हाती धरलंस की तुझ्या क्षेत्रातल्या गोंधळात टाकणाऱ्या निम्म्याअधिक बातम्या एका माळेत बसतील.

मेमरीचे थर एकमेकांवर रचून, त्यांतून उभ्या तारा काढून, तो मजला प्रोसेसरच्या अगदी अंगाशी का बसवतात? कळशी हाताशी हवी म्हणून. पहिल्या पिढ्यांमध्ये अशा एका चळतीला १०२४ तारांचा रस्ता होता, म्हणजे मैलभरावरच्या विहिरीऐवजी परसातला रुंद तोंडाचा हौद. मोठी चिप तोडून छोट्या चिपलेट का करतात? इथे आजीची गोधडी आठव. मोठ्या कापडावर एक डाग पडला तर आख्खं कापड वाया, तुकडे जोडून शिवायचं असेल तर डागाचा तेवढा तुकडा टाकायचा. चिप जितकी मोठी तितका दोष निघायचा धोका जास्त, आणि छापण्याच्या यंत्राची चौकटही २६ बाय ३३ मिलिमीटरची, तिच्या बाहेर जाताच येत नाही. एएमडीने २०१७ पासून सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये गोधडी शिवायला घेतली आणि २०१९ मध्ये हिशोब करणारे तुकडे वेगळे, बाहेरच्या जगाशी बोलणारा तुकडा वेगळा, असा बेत जमवला. पण गोधडीचा जीव टाक्यांत असतो. तुकड्यातुकड्यांमधून आकडे नेताना पुन्हा वाहणं आलंच. तो टाका स्वस्त आणि पक्का कसा घालायचा, यावर अजून कितीतरी काम व्हायचं आहे. तुझ्यासारखीच्या हाताला शोभेल असं.

आणि एकाच कामासाठी घडवलेल्या चिप. स्लॅब पडताना तू पाहिलं आहेस ना, मिक्सरपासून वरपर्यंत माणसांची रांग लागते आणि घमेली हातोहात वर जातात? कोणी एक घमेलं घेऊन जिना चढत बसत नाही. गूगलने २०१५ पासून वापरलेल्या पहिल्या टीपीयूत अशीच २५६ बाय २५६ ची रांग होती, ६५,५३६ गुणाकार करणारे हात. प्रत्येकाने शेजाऱ्याकडून आकडा घ्यायचा, आपलं काम करायचं, पुढच्याला द्यायचा. मेमरीकडे फेरी मारायची ती फक्त टोकाच्यांनी. शिवाय आकडेही लहान, आठ बिटांचे, म्हणजे घमेलंही हलकं. एआयच्या ज्या लाटेकडे वळायला तुला लोक सांगताहेत, ती लाट या रांगेच्या खांद्यावर उभी आहे, पोरी.

हार्डवेअरवाल्यांनी प्रोग्रामकडे पाठ फिरवू नये, हेही सांगायचं होतं. एमआयटीचे चार्ल्स लायझरसन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये एक उदाहरण दिलं. ४०९६ ओळी-रकान्यांच्या दोन चौकटींचा गुणाकार पायथनमध्ये सरळ लिहिला तर सुमारे सात तास लागले. तेच काम त्याच मशीनवर, सगळे कोर वापरून, आकडे जवळ राहतील अशी मांडणी करून, मशीनचा स्वभाव ओळखून लिहिलं तर अर्ध्या सेकंदाच्या आत झालं. नवं यंत्र विकत घ्यावं लागलं नाही. आजीचा मिसळणाचा डबा ओट्यावर असतो आणि पोत्यातली डाळ माळ्यावर, म्हणून तिच्या हातचा स्वयंपाक झपाट्याने होतो. नुसती चूल मोठी करून तो होत नसतो.

वेगापायी सावधपणा मात्र सोडू नकोस. प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतात आणि अंदाज चुकला तर पुसून टाकतात. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर उघड झाले तेव्हा कळलं की पुसलेल्याच्या खुणा कॅश नावाच्या जवळच्या मेमरीत मागे राहतात आणि त्यांवरून गुपितं वाचता येतात. कित्येक वर्षांच्या घाईचं बिल एकदम आलं. क्वांटमच्या बातम्यांनीही बावरू नकोस. काही ठरावीक प्रश्नांना ते मोठंच वरदान ठरेल, पण तुझ्या लॅपटॉपची जागा घ्यायला ते निघालेलं नाही.

उलट मला तर तुझा हेवा वाटतो. हेनेसी आणि पॅटरसन यांना २०१७ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. त्यानंतरच्या व्याख्यानात त्यांनी हा कॉम्प्युटरच्या रचनेचा नवा सुवर्णकाळ आहे असं सांगितलं. आमच्या वेळी वेग आपोआप यायचा, दोन वर्षं थांबलं की नवी चिप हजर. रचनेत डोकं चालवणाऱ्याला फारशी किंमत नव्हती. आता आपोआप काही येत नाही, म्हणून डोक्याला किंमत आली आहे. शिवाय तुला दारही उघडं आहे. २०१० मध्ये बर्कलीला सुरू झालेला रिस्क-फाइव्ह हा प्रोसेसरचा आदेशसंच कोणालाही परवाना न मागता वापरता येतो. मद्रास आयआयटीने त्यावर ‘शक्ती’ प्रोसेसर घडवला, सी-डॅकने ‘वेगा’. आम्हाला दुसऱ्याच्या चिपवर लेबल चिकटवण्यापलीकडे वाव नव्हता. परत ये म्हणून मी तुला गळ घालत नाही. पण शिकून झाल्यावर इथेही काम आहे, एवढं मनात असू दे.

आता तुझ्या रात्रींबद्दल. आजच्या चिपवरचे सगळे ट्रान्झिस्टर एकदम पूर्ण जोराने चालवता येत नाहीत, ताप झेपत नाही. म्हणून काही भाग मुद्दाम अंधारात ठेवतात. त्याला कोणी आळस म्हणत नाही, ती रचनाच आहे. रात्री दोनला जागून केलेलं काम सकाळी पुन्हा करावं लागतं, ३५ वर्षं बेंचवर बसून मी हेच शिकले. रात्रीच्या पाळीत मी तपासून ‘ठीक’ म्हटलेले बोर्ड सकाळी परत आलेले पाहिले आहेत. अकराला दिवा मालव. तिकडे उन्हाळ्यात दहापर्यंत उजेड असतो म्हणतेस, तर खिडकीला जाड पडदा लाव.

तुझ्या मैत्रिणीचे वडील पुढच्या आठवड्यात तिकडे येताहेत. त्यांच्याबरोबर मेतकूट, पोह्याचे पापड आणि आजीने शिवलेली लहान गोधडी पाठवते आहे. गोधडीच्या एका कोपऱ्यात तुझ्या पाचवीच्या फ्रॉकचा तुकडा आहे, शोधून बघ. आजीने टाके चष्मा लावून घातले आहेत, तरी एकही वाकडा नाही.

विषय तूच निवड, मी त्यात पडणार नाही. फक्त निवडायच्या आधी एका कोऱ्या कागदावर तीन प्रश्न लिही. आकडा कुठून येतो? कुठे जातो? वाटेत किती खर्च होतो? ज्या विषयात या तिन्हींची उत्तरं बदलायला वाव दिसेल, तो विषय घे आणि मग बाकीच्यांचं ऐकू नकोस. माझ्या आईची सकाळ मैलभराच्या वाटेवर गेली. ती वाट कमी करायचं शिकायला तू तिकडे गेली आहेस.

आजी, आई, बाबा, सगळ्यांचे आशीर्वाद. उलट टपाली नाही, पण चार ओळींची मेल तरी कर. आणि उद्या पहाटे साडेपाचला मला तू ऑनलाइन दिसता कामा नयेस.

तुझी,
मावशी